रविवारचे मोल

रविवारच्या सुट्टीचा विषय निघाला की आपणां मराठी माणसांना नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती मागितली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने ती मान्य केली. त्या दिवशीही ज्याला कामावर यावेच लागते, त्याला काय द्यावे, हा त्यापुढचा प्रश्न. त्यावरून ऑस्ट्रेलियात अलीकडे जो राजकीय संघर्ष झाला, त्याकडे आज मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

तेथे रविवारच्या वाढीव मजुरीमागील तत्त्व न्यायमूर्ती हिगिन्स यांनी १९०९ मध्येच, ब्रोकन हिलच्या खाणकामगारांच्या खटल्यात मांडले होते. कामगाराला भरपाई मिळावी, आणि मालकाला रविवारी काम काढणे महाग पडावे, असा त्यात दुहेरी हेतू होता. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी फेअर वर्क कमिशन या स्वायत्त वेतन-आयोगाने यातला दुसरा हेतू कालबाह्य ठरविला. दुकानांतील कायम नोकरांची रविवारची मजुरी दुपटीवरून दीडपटीवर आणायची, हॉटेलांतील पावणेदोनपटीवरून दीडपटीवर. समाजाचा रविवार बदलला, हे आयोगाचे निरीक्षण खोटे नव्हते. परंतु या नोकरांपैकी अनेकांचे वेतन मुळातच तुटपुंजे आहे आणि कपातीने त्यांची ओढाताण होईल, हेही आयोगाने स्वतःच नमूद केले होते! म्हणूनच कपात टप्प्याटप्प्याने झाली. दुकानांत ती २०२० मध्ये पुरी झाली.

राजकारण मात्र सरळ नव्हते. सरकार म्हणे, निर्णय स्वतंत्र आयोगाचा आहे, आणि हा आयोग तर मजूर पक्षानेच स्थापलेला. मजूर पक्षाचे नेते बिल शॉर्टन यांनी निकाल मानण्याची भाषा २०१६ मध्ये केली होती. निकाल विरुद्ध जाताच तो फिरविण्याचे वचन त्यांनी दिले. विरोधकांनी ही विसंगती पुरेपूर वापरली. मला ती क्षम्य वाटते, कारण पंचाचा मान राखण्याची किंमत पंच देत नाही, ती रविवारी गल्ल्यावर उभी राहणारी मुलगी देते.

कपातीमुळे रोजगार वाढेल, हा मालकवर्गाचा मुख्य युक्तिवाद होता. तसे काही घडले नाही, अशी कबुली छोट्या व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रमुखांनीच २०१९ मध्ये दिली. त्याच वर्षी मजूर पक्ष निवडणूक हरला. पुढे सत्तेवर आल्यावर त्याने २०२५ मध्ये अशा कपातीला आळा घालणारा कायदा केला. २०१७ मध्ये गेलेले मात्र त्याने परत मिळाले नाही.