फोकस चुकला आणि कव्हर झालं

गेल्या महिन्यात पुण्यात मित्राच्या बँडचा गिग शूट केला. गायक स्टेजभर उड्या मारतोय आणि माझ्या निम्म्या फोटोंत माइक शार्प, चेहरा धूसर. चूक माझीच. कॅमेरा सिंगल एएफवर होता, म्हणजे एकदा फोकस धरला की तिथेच अडून बसणार.

मग १९७९ आठवलं. न्यूयॉर्कचं पॅलेडियम, 'द क्लॅश'चा पॉल सिमोनन बेस गिटार जमिनीवर आपटतोय. तो जवळ येतोय म्हणून फोटोग्राफर पेनी स्मिथ मागे सरकतायत. फोकसची रिंग फिरवायला वेळ कुठला? फोटो धूसर आला. त्यांना तो कव्हरवर नकोच होता. जो स्ट्रमरने हट्ट धरला आणि तोच 'लंडन कॉलिंग'वर गेला.

ऑटोफोकस तेव्हा नव्हतं असं नाही. कोनिका सी३५ एएफ १९७७ मध्येच आला होता, पण तो घरगुती फोटोंचा कॅमेरा. एसएलआरमध्ये ते रुजवलं १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने. (पुढे हनीवेलने पेटंटवरून त्यांना कोर्टात खेचलं, तो वेगळा एपिसोड!) त्यातलं फेज डिटेक्शन भारी आहे: लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा जुळवून फोकस कुठे आणि किती हलवायचा ते कळतं, चाचपडावं लागत नाही. म्हणूनच नंतरचे कॅमेरे हलत्या माणसाची पुढची जागासुद्धा हेरू लागले.

परवाच्या गिगला मी कंटिन्युअस एएफ लावला, चेहऱ्यावर छोटा झोन, ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी कमी. मध्ये माइकस्टँड आला तरी फोकस गायकावरच. ड्रमर मात्र अजून हुकतोय.