पित्त म्हणजे नेमकं काय?

मंडळी, जेवण अंमळ जास्त झालं की घशाशी आंबट येतं आणि आपण म्हणतो, "पित्त झालं." खरं तर ते जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल. लंडनच्या विल्यम प्राउट यांनी ते १८२३ साली ओळखलं.

त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचे छरे घुसले. तो वाचला, पण जठराला भोक कायमचं राहिलं. लष्करातले डॉक्टर विल्यम बोमाँट त्यातून दोऱ्याला बांधून मांसाचे तुकडे आत सोडत आणि ते कसे विरघळतात हे पाहत. १८३३ च्या त्यांच्या पुस्तकात असे २३८ प्रयोग आहेत.

एवढं कळूनही, हे आम्ल वर चढून अन्ननलिकेला भाजतं हे न्यूयॉर्कच्या ॲशर विंकेलस्टाइन यांनी मांडलं ते थेट १९३५ मध्ये! जठराला आतून चिकट संरक्षक थर असतो, अन्ननलिकेला तसा नसतो. मधली झडप सैल पडली, की जळजळ.

माझ्या थोरल्या भावाने मात्र एका रात्री छातीतली जळजळ पित्तच समजून खायचा सोडा घेतला. पहाटे कळलं, तो हृदयविकाराचा झटका होता. दैव बलवत्तर, म्हणून वाचला. घाम फुटला, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरलं, तर सोडा शोधू नका, तडक इस्पितळ गाठा.

असो. आता मी झोपण्याआधी तीन तास जेवतो आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या आहेत. नातवंडं हसतात, हसोत बापडी.