मंडळी

माझा भाचा स्टुटगार्टला असतो. तिथंच त्याने लग्न केलं. गेल्या डिसेंबरात तो बायकोला घेऊन आमच्या गिरगावच्या चाळीत आठ दिवस राहून गेला. पोरगी गुणी. जिना चढताना कठडा धरू नये हे तिला दुसऱ्याच दिवशी समजलं. शनिवारी रात्री आमटीभात खाताखाता तिनं विचारलं, "मामा, इथे जवळपास लुथरन चर्च आहे?"

आता मी जन्माने गिरगावकर. खोताच्या वाडीच्या तोंडाशी सेंट तेरेसा चर्च आहे, एवढं मला ठाऊक. दादरचं पोर्तुगीज चर्च म्हणजे तर बसचा थांबा. पण चर्चमध्ये जाती असतात, आणि पाहुणीला तिच्याच जातीचं हवं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अशा वेळी आम्ही तळमजल्यावरच्या मास्तरांकडे जातो. मास्तर ख्रिस्ती आहेत. म्हणजे संक्रांतीला तिळगूळ आमच्या आधी वाटतात, आणि नाताळात त्यांच्याकडच्या करंज्या आमच्या दिवाळीच्या करंज्यांपेक्षा खुसखुशीत असतात, इतपतच ख्रिस्ती.

"लुथरन?" मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "त्यासाठी तामिळनाडूकडे जायला हवं. 1706 साली झीगेनबाल्ग नावाचा जर्मन तरंगमबाडीला उतरला, तेव्हापासून ते तिकडचे. इथे आमचे आले ते स्कॉटलंडचे. प्रेस्बिटेरियन."

"म्हणजे?"

"म्हणजे वडीलधाऱ्यांनी चालवलेली मंडळी. बिशप नाही. पाळक आणि निवडलेले वडील मिळून कारभार बघतात."

"थोडक्यात, चाळ कमिटी!"

"भांडणंही तशीच," मास्तर म्हणाले.

या 'मंडळी' शब्दानं माझा भलताच घोटाळा झाला. आमच्याकडे मंडळी म्हणजे व्याख्यानाला न आलेली माणसं, किंवा मग स्वैपाकघरातून आवाज देणारी ती एक. मराठी प्रॉटेस्टंटांच्या बोलीत मात्र मंडळी म्हणजे खुद्द चर्च, म्हणजे इमारत नव्हे, त्यातली माणसं. मला शब्द आवडला.

रविवारी आम्ही सगळे मास्तरांच्या मागोमाग आंब्रोली चर्चला निघालो. वाटेत मास्तरांनी जे सांगितलं, आणि नंतर मी पुस्तकं चाळून ताडून पाहिलं, ते असं.

जॉन विल्सन हा स्कॉटिश पाद्री 1829 साली मुंबईला आला. मराठी शिकायला कुठं गेला, तर हर्णै-बाणकोटला! तिथं स्कॉटिश मिशन आधीपासून होतं. म्हणजे हा माणूस आमच्यासारखाच कोकणातून गिरगावात आलेला, आणि आमच्या खापरपणज्याच्याही आधी. 1831 मध्ये त्याने इथल्या मूठभर लोकांची मंडळी स्थापन केली. केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला 1893 साली. आम्ही ज्याला जुनं गिरगाव म्हणतो, त्याहून मास्तरांची मंडळी बासष्ट वर्षांनी जुनी. हे ऐकल्यावर मी जरा हळू चालू लागलो.

त्याच सुमारास विल्सनसाहेबाचे आणि शास्त्रीमंडळींचे जाहीर वाद झाले. मोरभट दांडेकरांनी 1831 साली 'हिंदुधर्मस्थापना' छापली, साहेबानं पुढच्या वर्षी तिला उत्तर छापलं. आपणच जिंकलो अशी दोन्ही बाजूंची खात्री होती. गिरगावात आजही वाद असेच संपतात.

शाळा 1832 ची. तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं आणि 1889 साली चौपाटीवरच्या इमारतीत गेलं. बाई मार्गारेट विल्सन मुलींच्या शाळा चालवत. 1835 मध्ये त्या इथंच वारल्या. हे सगळं लोकांना चालत होतं. शिक्षण फुकट, इंग्रजी फर्डं, आणि धर्माचा तास डुलकीला बरा. पण 1839 साली धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी डुलकी न घेता ऐकलं आणि बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि धनजीभाईंना आपल्या मर्जीप्रमाणे राहायची मुभा मिळाली. शाळेतली पोरं भराभर काढून घेतली गेली. धनजीभाई मात्र 1908 पर्यंत जगले, तेही पाद्री म्हणूनच.

1843 चं प्रकरण आणखी अवघड. नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. धाकटा भाऊ श्रीपत बारा वर्षांचा, तोही त्यांच्यामागं मिशनऱ्यांकडे राहायला गेला. कोर्टानं त्याला बापाच्या हवाली केलं. आता पोरगं घरी तर आलं, पण पाद्र्याच्या घरचं जेवलेलं! जात घ्यायला तयार नाही. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्या, म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर शहरातल्या अर्ध्या विद्वानांनी त्यांच्यावरच तोंडसुख घेतलं. बारा वर्षांच्या मुलानं चार घास खाल्ले म्हणून मुंबई दुभंगली.

घासांवरून आठवलं. सुधारकांची परमहंस सभा 1849 मध्ये निघाली, तिच्यात शिरायचं तर ख्रिस्त्यानं भाजलेला पाव खावा लागे. तोही गुपचूप! आम्ही रोज सकाळी चहात पाव बुडवताना कधी इतकं धाडस केल्याचं जाणवलं नव्हतं. या सभेतलेच बाबा पदमनजी. ते मात्र पावावर न थांबता 1854 मध्ये ख्रिस्ती झाले, आणि 1857 मध्ये त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिलं. मराठी कादंबरीचं मूळ शोधणाऱ्याला त्यांच्या दारावरून जावंच लागतं.

मास्तरांच्या मंडळीवर मोठी गंमत आली ती बाहेरून. 1843 सालीच तिकडे एडिंबरोत भांडण पेटलं. पाळक नेमायचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा? साडेचारशेहून जास्त पाळक उठून चालते झाले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. विल्सन त्यांच्या बाजूचा. म्हणून मुंबईत शाळेची इमारत सोडायची पाळी आली. पुढे 1900 मध्ये फ्री चर्चचं युनायटेड फ्री झालं. 1924 मध्ये इथल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या, 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि गंमत म्हणजे ज्याला नको म्हणून बिऱ्हाड वेगळं मांडलं, तो बिशपही घरात आला.

"मग तुम्ही नक्की कोण?" मी विचारलं.

"चाळीचे मालक बदलले म्हणून भाडेकरू बदलतात का?" मास्तर म्हणाले.

उपासना मराठीत झाली. नारायण वामन टिळकांचं एक गाणं म्हटलं गेलं. हे टिळक आमच्याच रत्नागिरीचे. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो मुद्दाम भारतीय पाळकाच्या हातून. जर्मन सूनबाईला शब्द कळले नाहीत, पण ती डोळे मिटून बसली होती. मला शब्द कळत होते, म्हणून मी इकडेतिकडे बघत होतो.

परतताना मास्तर सहज बोलले. त्यांचे पणजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा घरच्यांनी घटस्फोट केला. बायकोशी नव्हे. घागर फोडून, हा आम्हाला मेला असं जाहीर करायचं. जिवंत माणसाचं श्राद्ध घातलं. पणजोबा म्हणे जवळच्याच रस्त्यावर राहत, आई देवळात जाताना दिसे. ती त्या फुटपाथवरून, हे या. शेवटपर्यंत.

मी गप्पच झालो. कारण आमच्या वंशावळीत एक जण आहे. पणजोबांचा धाकटा भाऊ, पुढे "वारला, शके 1776". लहानपणी आत्यानं कानात सांगितलं होतं, "वारला नाही रे, बाटला. मोठ्यांदा बोलू नकोस." मी मोठ्यांदा बोललो नाही. पुढे विसरूनही गेलो.

त्या रात्री वंशावळीचा कागद काढला. शके 1776 म्हणजे 1854. तो माणूस पुढे किती जगला, कुठं, त्याला मुलं झाली की नाही, काहीच लिहिलेलं नाही. "वारला" हा शब्द तेवढा खोडावा म्हणून पेन उचललं.

"पेननं नको," आतून आमची मंडळी म्हणाली. "पेन्सिलीनं खोडा. आणि वर 'मास्तरांना विचारणे' असं लिहा."