कापडगिरणीतून मदिनत खलीफापर्यंत

हिरवळ कापायच्या यंत्राचं मूळ बागेत नाही, कापडगिरणीत आहे. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात, स्ट्राउडच्या परिसरात, लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरची लव एकसारखी छाटायला तिथे फिरत्या पात्यांचा रूळ असे. थ्रप गावच्या एडविन बडिंग या यंत्रकारागिराला वाटलं, हाच रूळ गवतावर का चालवू नये? 1830 साली त्याने पेटंट घेतलं. जॉन फेराबी या कारखानदाराने भांडवल घातलं. शेजारी वेडा म्हणतील म्हणून बडिंग चाचण्या रात्री घेई, असं सांगतात. खरं असेल तर या यंत्राच्या जन्मापासून शेजारी हजर आहेच.

त्याआधी हिरवळ ही जमीनदारांची चैन होती. एवढ्या जमिनीत ना धान्य ना भाजी, नुसतं गवत, हीच तिची मिजास. ती राखायला मेंढ्या तरी लागत, नाहीतर लांब दांड्याचे विळे चालवणाऱ्या मजुरांची फौज. विळा ओल्या गवतावर चांगला चालतो, म्हणून ही माणसं दव वाळायच्या आत कामाला लागत. मालक उठेपर्यंत हिरवळ तयार. तिचा अभिमान मालकाचा, घाम दुसऱ्याचा.

बडिंगने पेटंटच्या मजकुरात एक गमतीची गोष्ट घातली. हे यंत्र सभ्य गृहस्थांनी स्वतः चालवावं; करमणूक होईल, उपयोग होईल आणि प्रकृतीलाही बरं. लॉन कापण्याच्या अभिमानाची कुळकथा माझ्या मते या वाक्यापासून सुरू होते. यंत्र मात्र ओतीव लोखंडाचं आणि जडशीळ. एक पुढून ओढणार, एक मागून ढकलणार. 1832 पासून इप्सविचच्या रॅन्सम कंपनीने परवाना घेऊन अशी यंत्रं बनवली. मोठ्या यंत्रांना पुढे घोडे जुंपले, तेव्हा हिरवळीवर टापांचे खड्डे पडू नयेत म्हणून घोड्यांना चामड्याचे बूट घालत. पुढे यंत्रं हलकी नि स्वस्त झाली, उपनगरं वाढली आणि कारकुनाच्या घरापुढेही चार हात हिरवळ आली.

या अभिमानाला जोडून येणाऱ्या शेजाऱ्यांच्या चढाओढीचा धागा अमेरिकेत. 1870 साली फ्रँक स्कॉट याने उपनगरी बागांवरच्या पुस्तकात बजावलं की आपली हिरवळ कुंपणाआड दडवणं हे शेजारधर्माला सोडून आहे. कुंपणं गेली, अंगणं एकमेकांना भिडली, आणि एकाने शनिवारी कापलं की दुसऱ्याचं वाढलेलं गवत साऱ्या गल्लीला दिसू लागलं. भिंत पडल्याशिवाय ही स्पर्धा जन्मालाच आली नसती.

म्हणूनच कतारमधल्या दोह्यातल्या मदिनत खलीफात लॉन बघताना मौज वाटते. 1972 ते 1995 अमीर असलेल्या शेख खलीफा बिन हमद यांचं नाव या वस्तीला आहे. इथल्या व्हिलांना पुरुषभर उंचीपेक्षा मोठ्या भिंती. घराचा खाजगीपणा इथे मोठा मानतात. स्कॉटसाहेबाचं इथे कोणी ऐकलं नसतं. गवत आतल्या आत. चार-सहा व्हिला एका फाटकाआड असलेल्या कंपाउंडमध्ये मात्र शेजाऱ्याचा तुकडा नजरेत येतो, आणि मग कोणाच्या कडा सरळ, कोणाचं गवत पिवळं, हे सुरू होतं.

पण मुद्दा इथे कापण्याचा कमी, जगवण्याचा जास्त. वर्षाला जेमतेम 75 मिलिमीटर पाऊस, नदी एकही नाही, पिण्याचं पाणी समुद्राचं खारेपण काढून केलेलं. 2015 च्या कायद्याने नळीने अंगण किंवा गाडी धुवून पाणी उधळलं तर 20,000 रियालपर्यंत दंड आहे. सार्वजनिक बागांना सांडपाणी शुद्ध करून देतात. असल्या ठिकाणी हिरवं अंगण हे बडिंगपूर्व काळातल्या जमीनदारी मिजाशीच्या जवळ जातं. यंत्रही बहुधा पगारी माळी चालवतो. तो नेपाळचा, बांगलादेशचा किंवा आपल्याकडचा. खरी इरेसरी असली तर ती या माळ्यांत असावी, आणि अभिमानावर हक्कही त्यांचाच. यंत्राचा दांडा ज्याच्या हातात, लॉन त्याचं.

आता गवताचं. या उष्ण मुलखात लॉनसाठी सर्रास लावतात ते बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीच्या दूर्वा. आपल्याकडे शेतकरी जिला शिव्या देतो तीच. 1960 साली अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनच्या केंद्रातून ग्लेन बर्टन यांनी तिचा आफ्रिकेतल्या भावकीतल्या एका गवताशी आपोआप झालेला संकर निवडून ‘टिफवे’ आणली, आणि ती गोल्फच्या मैदानांवर पसरली. दुसरं गवत पास्पालम, खाऱ्या पाण्यालाही पुरून उरणारं. 2022 च्या इथल्या फुटबॉल विश्वचषकाची मैदानं मुख्यतः त्याचीच होती. हरळी कापावी तशी दाट होते, कारण तिचे वाढीचे डोळे जमिनीलगत आणि जमिनीखाली असतात. शेंडा गेला की बाजूने फुटवे येतात. पण एकदम खोल कापू नये. उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कधीच नाही, त्यापेक्षा वरचेवर कापावं. दोह्याच्या थंडीत ती मरगळते, तेव्हा जास्त पाणी घालून उपयोग नाही.

आणि तिथल्या मराठी घरांना एक सांगणं. चतुर्थीला दूर्वा हव्या असतील तर लॉनच्या मधोमध शोधू नका, तिथे तीन पानांचा कोंब उरतच नाही. यंत्राचं पातं पोचत नाही तिथे, भिंतीच्या कडेला बघा. त्या आठवड्यात कडा छाटू नकोस, एवढं माळ्याला आधी सांगून ठेवा.