एड्.डी. पदवी

शैक्षणिक संस्थांचे नेतृत्व करू इच्छिणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ झालेली शिक्षणशास्त्रातील व्यावसायिक डॉक्टरेट. हार्व्हर्ड विद्यापीठाने १९२० मध्ये शिक्षणशास्त्राची स्वतंत्र शाखा स्थापून ही पदवी सुरू केली; कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न टीचर्स कॉलेजने ती १९३४ मध्ये स्वीकारली. संशोधकास पीएच्.डी. व प्रत्यक्ष कार्य करणाऱ्यास एड्.डी., असा भेद सामान्यतः अभिप्रेत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिटी कॉलेजांचा झपाट्याने विस्तार झाला आणि त्यांच्या अध्यक्षपदाकडे व अधिष्ठातापदांकडे जाणारा मार्ग म्हणून तिला महत्त्व आले. नोकरी सांभाळून ती मिळविता येत असल्याने अनेक अनुभवी शिक्षकांना उच्च शिक्षणाच्या प्रशासनात प्रवेश सुकर झाला. तथापि दोन्ही पदव्यांचे अभ्यासक्रम व प्रबंध पुष्कळ ठिकाणी सारखेच राहिले. त्यामुळे एड्.डी. ही दुय्यम पीएच्.डी. मानली जाऊ लागली. आर्थर लेव्हिन यांनी २००५ च्या अहवालात ती रद्द करण्याची शिफारस केली. याउलट २००७ मध्ये सुरू झालेल्या कार्नेगी प्रकल्पाने व्यवहारातील समस्येवर आधारलेल्या प्रबंधाचा पुरस्कार करून तिची फेररचना हाती घेतली. खुद्द हार्व्हर्डने मात्र एड्.डी. बंद केली. तेथे नेतृत्वासाठी २०१० पासून एड्.एल्.डी. व संशोधनासाठी २०१४ पासून पीएच्.डी. अशा दोन पदव्या आल्या. मूळचा भेद अशा रीतीने नव्या नावांनी पुन्हा प्रस्थापित झाला.