काळारामाच्या दारातला उद्धटपणा

धर्मावर, राजकारणावर आणि रूढींवर बेधडक मते मांडण्याची परंपरा मराठीत जुनी आहे आणि तिचा अभिमान आपण उठताबसता सांगतो. पण कुणाचे बेधडक बोलणे आपण विचार म्हणून स्वीकारले आणि कुणाच्या साध्या मागणीलाही उद्धटपणा ठरवले, हा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. तो नाशिकमध्ये मांडता येतो. शब्दांच्या तिखटपणाला या शहराने फार भीक घातली नाही. बोलणारा कोण आणि तो कुठे उभा राहून बोलतो, एवढेच त्याने पाहिले. हे माझे म्हणणे कडवट वाटेल, पण पुरावा तेच सांगतो.

गोपाळ हरी देशमुख यांचेच बघा. त्यांचे वडील पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचे फडणीस. पेशवाईच्या अन्नावर वाढलेल्या अशा घरातल्या या ब्राह्मण तरुणाने १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहायला सुरुवात केली. तेव्हा वय पंचवीस. पुढे शतपत्रे म्हणून गाजलेली ही पत्रे एकूण १०८. अर्थ न समजता वेद घोकणारे भटजी, आयत्या दक्षिणेवर जगणारे पंडित, विधवांचा छळ करणारी रूढी, आळसाने आणि अज्ञानाने बुडालेली पेशवाई, यांतले काहीच त्यांनी सोडले नाही. इंग्रजांचे राज्य ही शिकण्याची संधी आहे, शहाणे व्हा आणि पार्लमेंट मागा, असेही त्यांनी सांगितले. धर्मशास्त्राबद्दल इतके परखड मराठीत तोवर क्वचितच कुणी लिहिले असेल. पुढे त्यांचे काय झाले? ते सरकारी नोकरीत चढत गेले, रावबहादूर झाले, नोकरीच्या अखेरीस नाशिकला न्यायाधीश होते आणि १८७९ मध्ये सन्मानाने निवृत्त झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांच्यावर सडकून टीका केली, हे खरे. पण लेखणीला उत्तर मिळाले ते लेखणीचेच.

याच नाशिकला २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. महात्मा गांधी दांडीला निघायला अजून दहा दिवस होते. परिषदेनंतर सुमारे पंधरा हजारांची मिरवणूक, मैलभर लांब, शिस्तीत चालत पंचवटीत काळाराम मंदिरापाशी आली. दारे बंद होती. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तिथे तिची सभा झाली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ बायका यांची पहिली तुकडी चारही दारांशी जाऊन बसली. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधवलेले हे काळ्या दगडाचे देऊळ, चार दिशांना त्याची चार दारे, आणि प्रत्येक दाराशी जमिनीवर बसलेली माणसे. त्यांचे मागणे एवढेच की रामाचे दर्शन घेऊ द्या. याहून श्रद्धेची मागणी कोणती असू शकते? ९ एप्रिल हा रामाच्या रथाच्या मिरवणुकीचा दिवस होता. रथ स्पृश्य-अस्पृश्य दोघांनी मिळून ओढायचा, असा समझोता ठरला होता. तो मोडला आणि दगडफेक झाली. नंतर आसपासच्या गावांतही सूड उगवला गेला: पोरांना शाळेबाहेर काढले, रस्ते बंद केले, दुकानदारांनी वाणसामान द्यायचे थांबवले. १०८ पत्रांतून देवाब्राह्मणांना फैलावर घेणाऱ्याच्या वाट्याला निबंध आला. गप्प बसून दर्शन मागणाऱ्यांच्या वाट्याला दगड आले.

यावर कुणी म्हणेल, कागदावरच्या मताने कुणाच्या अंगाला काही लागत नाही, देवळाचे दार मात्र प्रत्यक्षातले असते. तुलना बरोबर नाही. माझ्या मते हा आक्षेप माझ्याच बाजूने बोलतो. शिवाशिव चुकीची आहे असे वाचून मान डोलावणाऱ्या समाजाला, ती माझ्यापुरती आजपासून संपली असे सांगणारा माणूस समोर आला की राग येतो, हेच तर मी म्हणतो आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाबासाहेबांना मूर्तिपूजेत रस नव्हता, मग मागणी खरी कशी? त्यांनी हे लपवले नव्हते. परिषदेतच त्यांनी सांगितले की देवळात गेल्याने आपले सगळे प्रश्न सुटणार नाहीत, ही हिंदू मनाची कसोटी आहे. १९३४ मध्ये नाशिकच्या लढ्याचे खंदे पुढारी भाऊराव उर्फ दादासाहेब गायकवाड यांना पाठवलेल्या पत्रातही त्यांनी हेच लिहिले: आपल्या माणसांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा नव्हता, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता. पण दाराशी बसलेल्या बाईला राम हवा होता की हक्क, हे विचारायचा अधिकार दार लावून घेणाऱ्याला कुठून मिळाला? आत जाणाऱ्या कुणा सवर्णाच्या भक्तीची अशी उलटतपासणी कधी झाली नाही.

सत्याग्रह पाच वर्षे रेंगाळत चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातच, येवल्याला, सुमारे दहा हजारांच्या सभेत बाबासाहेबांनी हा लढा थांबवायला सांगितले आणि जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो ते माझ्या हातात नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही. देशभर खळबळ उडाली आणि अनेकांना हे वाक्य धर्माचा अपमान वाटले. मला ते पाच वर्षे बंद राहिलेल्या दाराला दिलेले सरळ उत्तर वाटते. उद्धट कोण, हा प्रश्न ज्यांना अजूनही पडतो त्यांनी २ मार्चपासून १३ ऑक्टोबरपर्यंतच्या तारखा क्रमाने वाचाव्यात. अस्पृश्यांना देवळे खुली करणारा मुंबई प्रांताचा कायदा १९४७ मध्ये झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा त्या कायद्याला नऊ वर्षे झाली होती.