संगणकीय घुसखोरीचा शोध आणि युजर इंटरफेस : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणक सुरक्षेचा इतिहास बहुधा यंत्राच्या बाजूने लिहिला जातो. घुसखोरी ओळखणारी प्रणाली किती वेगवान व किती अचूक, एवढाच प्रश्न त्यात विचारला जातो. तथापि प्रणालीने दिलेला इशारा अखेर माणसालाच वाचावा लागतो. म्हणून घुसखोरीचा शोध आणि युजर इंटरफेस या स्वतंत्र मानल्या गेलेल्या दोन विषयांचा इतिहास एकत्र तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

वैचारिक पार्श्वभूमी :
जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संरक्षणप्रणालीच्या रचनेची आठ तत्त्वे मांडली. 'मानसिक स्वीकारार्हता' हे त्यांपैकी एक होय. संरक्षणाची साधने वापरण्यास सुलभ असतील तरच लोक ती नेमाने व योग्य रीतीने वापरतील, असा त्याचा आशय आहे. १९८० मध्ये जेम्स अँडरसन यांनी संगणकात साठणाऱ्या वापराच्या नोंदी तपासून गैरवापर ओळखण्याचा विचार एका अहवालात मांडला. डोरोथी डेनिंग यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रारूपाने त्याला शास्त्रीय बैठक दिली. वापरकर्त्याच्या नेहमीच्या वर्तनाचे संख्याशास्त्रीय चित्र तयार करावे आणि त्यापासून लक्षणीयरीत्या ढळणारे वर्तन संशयास्पद मानावे, हे या प्रारूपाचे मर्म होय.

बर्कले येथील अनुभव :
याच सुमारास, १९८६ मध्ये, कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आढळला. खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टोल यांनी त्याचा पाठपुरावा केला. बाहेरून येणाऱ्या जोडण्यांवर त्यांनी प्रिंटर बसविले. घुसखोराची प्रत्येक आज्ञा कागदावर उमटू लागली. तो आत शिरताच स्टोल यांचा पेजर वाजत असे. हा माग अखेर पश्चिम जर्मनीतील मार्कुस हेसपर्यंत पोहोचला. मिळविलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर संघटनेला विकली जात होती. येथील साधने ओबडधोबड होती. परंतु पेजर वाजला की त्याचा अर्थ एकच होता, आणि तो जाणणारा माणूस त्याची वाट पाहत होता.

इशाऱ्यांचा पूर :
पुढे प्रणाली स्वयंचलित झाल्या आणि इशारे वाढले. स्टेफान ॲक्सेलसन यांनी १९९९ मध्ये यातील गणिती अडचण दाखवून दिली. समजा, १० लाख घटनांपैकी केवळ १० घटना खऱ्या घुसखोरीच्या आहेत. प्रणालीने त्या सर्व ओळखल्या, पण निर्दोष घटनांपैकी १ टक्का घटनांनाही चुकून संशयित ठरविले, तर सुमारे १०,००० खोटे इशारे निर्माण होतील. म्हणजे साधारणतः हजारांत एकच इशारा खरा. अशा परिस्थितीत पाहणाऱ्याचा विश्वास उडणे स्वाभाविक आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील टार्गेट या विक्रेता कंपनीकडून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली. सुरक्षाप्रणालीने इशारे दिले होते. त्यांवर वेळीच कार्यवाही झाली नाही.

समारोप :
अशा घटनांनंतर दोष सहसा पडद्यासमोर बसलेल्या कर्मचाऱ्यास दिला जातो. वरील इतिहास पाहता हा न्याय अपुरा वाटतो. कोणता इशारा आधी दिसावा, त्याचे कारण कोणत्या शब्दांत सांगावे आणि पुढे काय करावे, हे ठरविणे ही रचनाकाराची जबाबदारी आहे. आपल्याकडे हे दोन विषय बहुधा वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांत शिकविले जातात. ते एकमेकांशी जोडून शिकविल्यास १९७५ मध्ये सांगितलेले तत्त्व विद्यार्थ्यांना केवळ परीक्षेपुरते उरणार नाही.